तीन डॉक्टर, तीन सुया: बाबांना कुठलं इंजेक्शन द्यायचं?

प्रश्न: माझे बाबा ६३ वर्षांचे, कराडला असतात. सात आठवड्यांपासून डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या बाहेरच्या बाजूने, नडगीवरून पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ जाते. बसलं की वाढते, रात्रीची झोप गेली आहे. एमआरआयमध्ये एल४–एल५ची गादी डावीकडे सरकून एल५ नस दबली आहे, असं आलंय. डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आणि फिजिओथेरपीने फरक थोडाच. आता एक अस्थिरोगतज्ज्ञ माकडहाडाजवळून ‘कॉडल’ देऊ म्हणतात, त्याला मशीन लागत नाही म्हणे. एक भूलतज्ज्ञ कंबरेत मधोमध एपिड्युरल सुचवतात. पुण्यातले पेनतज्ज्ञ सी-आर्मखाली (चालता एक्स-रे दाखवणारं मशीन) ‘ट्रान्सफोरॅमिनल’ म्हणतात, पण सुई एल५–एस१ला घालणार म्हणतात. रिपोर्ट तर एल४–एल५चा आहे! बाबांना मधुमेह आहे (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, एचबीए१सी, ७.८). १४ महिन्यांपूर्वी स्टेंट बसवला, क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन चालू आहे. कुठलं इंजेक्शन घ्यावं? आणि आई विचारतेय, त्याच दिवशी त्यांना कराडला परत नेता येईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: सुरुवात त्या एल५–एस१पासून करू, कारण तिथे शंका राहिली की पुढचं सगळंच संशयास्पद वाटायला लागतं. पुण्याच्या डॉक्टरांनी पातळी चुकवलेली नाही. एल१ ते एल५ हे कंबरेचे मणके, आणि एस म्हणजे त्यांच्या खालचं त्रिकास्थी. कंबरेत प्रत्येक नस आपल्याच क्रमांकाच्या मणक्याखालून बाहेर पडते. एल५ नस एल४–एल५च्या गादीमागून नुसती खाली उतरते. बाहेर पडते ती एल५ मणक्याखालच्या छिद्रातून, म्हणजे एल५–एस१च्या पातळीवर. गादी मधल्या रेषेच्या थोडी बाजूला सरकली, आणि बहुतेकांची तशीच सरकते, की चिमटते ती या खाली उतरणाऱ्या नसेला. त्यामुळे बिघाड एका मजल्यावर आणि सुई त्याखालच्या मजल्यावर, हे बरोबरच आहे. कळ अंगठ्यापर्यंत जाते हेही एल५शी जुळतं. करंगळीकडे आणि तळव्याकडे गेली असती तर एस१ म्हटलं असतं, नडगीच्या आतल्या बाजूला असती तर एल४. लक्षण, तपासणी आणि एमआरआय तिन्ही एकाच नसेकडे बोट दाखवतात, तेव्हाच या इंजेक्शनाला अर्थ असतो. नुसती कंबर दुखते आणि पायात काही नाही, अशा माणसाला यातलं कुठलंही इंजेक्शन फारसं उपयोगी पडत नाही.

आता तीन वाटा. तिन्हींत नसेची सूज उतरवणारं स्टेरॉइड देतात आणि तिन्ही पोचतात एकाच जागी, एपिड्युरल जागेत. मज्जारज्जू आणि नसांच्या जुडग्याभोवती ड्युरा नावाचं आवरण असतं, त्याच्या बाहेरची ही चरबीने आणि शिरांनी भरलेली फट. पण या फटीला पुढची आणि मागची बाजू आहे, आणि खरा फरक तिथेच पडतो. गादी पुढच्या बाजूला असते. सूज पुढे, नस दबते पुढून. औषध मागच्या बाजूला साचून राहिलं तर अर्धं वाया गेलं म्हणायचं.

कॉडलमध्ये सुई नितंबांच्या घडीच्या वरच्या टोकाशी, त्रिकास्थीच्या तळच्या छिद्रातून वर सरकवतात. ड्युराची पिशवी साधारण एस२ला संपते, त्यामुळे सुई एस३च्या वर नेली नाही तर ड्युराला भोक पडण्याची भीती फार कमी. ही तिची जमेची बाजू. उणी बाजू म्हणजे अंतर. तळापासून एल५ नसेच्या वरच्या भागापर्यंत औषध ढकलायला १५ ते २० मिली द्रव लागतो. तेच स्टेरॉइड इतक्या पाण्यात पातळ होतं, आणि ते डावीकडे जाईल की उजवीकडे, पुढे की मागे, हे आपल्या हातात नसतं. ‘मशीन लागत नाही’ या वाक्यावर मात्र आमचा ठाम आक्षेप आहे. हाताने चाचपून दिलेलं कॉडल चारातल्या एका वेळी तरी भलतीकडे जातं, हे जुन्या अभ्यासांपासून माहीत आहे: कधी कातडीखाली, कधी हाडाच्या आवरणाखाली, कधी थेट शिरेत. छिद्राचा आकार प्रत्येकाचा वेगळा, वयाबरोबर ते अरुंदही होतं. सोनोग्राफीने छिद्र दिसतं, पण सुईचं टोक हाडाआड गेलं की पुढचं काही दिसत नाही. कॉडल खरं कामाला येतं ते कंबरेचं ऑपरेशन आधी झालेल्यांना, जिथे मागच्या बाजूला व्रण आणि स्क्रू आहेत. बाबांचं तसं काही नाही.

मधोमध देतात ती इंटरलॅमिनार. दोन मणक्यांच्या मागच्या कमानींमधून तुओही नावाची, टोकाला वळलेली सुई आत जाते. पिवळसर, चिवट लिगामेंटमध्ये सुई असताना सिरिंजचा दट्ट्या दाबला तर दबत नाही. लिगामेंट ओलांडलं की तो एकदम मोकळा होतो आणि हाताला तो क्षण कळतो. भूलतज्ज्ञांचा हा रोजचा हात, बाळंतपणाच्या एपिड्युरलमध्ये तेच करतात. पण बाळंतपणात औषध दोन्ही बाजूंना पसरलं तर हवंच असतं. इथे एका नसेशी पोचायचं आहे. शिवाय ६३व्या वर्षी लिगामेंटमध्ये भेगा असतात, दट्ट्या खोटाच मोकळा होतो आणि औषध कमानीच्या मागच्या स्नायूंत जातं. सुई जरा पुढे गेली तर ड्युराला भोक पडतं. मग उठून बसलं की डोकं फुटायला लागतं आणि आडवं झालं की थांबतं, असं दोन-चार दिवस ते आठवडाभर चालतं. याच पद्धतीचा एक चांगला प्रकार आहे: सी-आर्म वापरून सुई मध्यरेषेवर न ठेवता दुखऱ्या बाजूला कडेने न्यायची. त्यात औषध पुढच्या बाजूला बऱ्यापैकी जातं. चंडीगडच्या पीजीआयएमईआर या वैद्यकीय संस्थेतल्या डॉक्टरांनी २०१४मध्ये या कडेच्या इंटरलॅमिनारची ट्रान्सफोरॅमिनलशी तुलना प्रसिद्ध केली, आणि दोन्हींचा परिणाम जवळपास सारखा निघाला. तेव्हा भूलतज्ज्ञांना ‘नको’ म्हणण्याआधी विचारा: सी-आर्म वापरणार का, आणि सुई मधोमध की डावीकडून?

ट्रान्सफोरॅमिनलमध्ये सुई थेट नसेच्या दाराशी जाते. औषध पुढच्या बाजूला, दबलेल्या नसेला लागून पडतं, म्हणून एक ते तीन मिली पुरतं. ती करताना काय होतं ते नीट सांगतो, कारण चांगली आणि घाईची ट्रान्सफोरॅमिनल यांत इथेच फरक पडतो.

बाबा टेबलावर पालथे, पोटाखाली उशी. जागा बधिर करतात. सी-आर्म तिरका फिरवला की पडद्यावर मणका एका छोट्या कुत्र्यासारखा दिसतो. डॉक्टर त्याला स्कॉटी डॉगच म्हणतात. पेडिकल, म्हणजे मणक्याचा पुढचा भाग आणि मागची कमान जोडणारा हाडाचा खांब, हा कुत्र्याचा डोळा. सुई, २२ किंवा २५ गेजची आणि साडेतीन इंची (जाड शरीराला पाच इंची), त्या डोळ्याच्या जरा खाली नेतात. एल५–एस१ला कमरेच्या हाडाची कड वाटेत येते, त्यामुळे इथे कोन बसवायला वेळ लागतो. पाच मिनिटं जास्त गेली तर घाबरू नका. मग सी-आर्म आडवा करून खोली बघायची, सरळ करून सुई पेडिकलच्या मध्याच्या आत गेली नाही ना ते बघायचं. सिरिंज मागे ओढून रक्त येत नाही, हा पुरावा पुरेसा नाही. बारीक सुई शिरेत असूनही रक्त दिसत नाही, असं बरेचदा होतं. म्हणून अर्धा ते एक मिली डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव्य) सोडायचा, तोही एक्स-रे चालू ठेवून. बरोबर जागी असेल तर डाय नसेभोवती म्यानासारखा पसरतो, पडद्यावर नसेची कडा उमटते आणि थोडा वर, आत सरकतो. शिरेत असेल तर वाहत्या ओढ्यात शाई टाकावी तसा दिसतो न दिसतो तोच निघून जातो. थांबवलेल्या फोटोत ही गोष्ट कळतच नाही, ती चालत्या चित्रातच दिसते. असं दिसलं तर सुई हलवायची, नाहीतर काम थांबवायचं.

इतकी काळजी कशासाठी? मज्जारज्जूला रक्त देणाऱ्या धमन्यांपैकी एक मोठी, अ‍ॅडमकिविक्झची धमनी, बहुतेकांत डाव्या बाजूने छातीच्या खालच्या आणि कंबरेच्या वरच्या मणक्यांपाशी आत शिरते. काहींत ती खाली असते. ती याच छिद्रांतून जाते. ट्रायअ‍ॅमसिनोलोन आणि मिथाइलप्रेडनिसोलोन ही स्टेरॉइड दुधासारखी पांढरी असतात, कारण त्यांत न विरघळलेले कण असतात. हे कण एकमेकांना चिकटून लाल पेशीपेक्षा मोठे गोळे होतात. ते धमनीत गेले तर मज्जारज्जूचा रक्तपुरवठा अडतो आणि दोन्ही पाय लुळे पडू शकतात. अशा घटना दुर्मीळ आहेत, पण नोंदलेल्या आहेत. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने एप्रिल २०१४मध्ये एपिड्युरल स्टेरॉइडबद्दल इशारा दिला, आणि पुढच्या वर्षी तिथल्या अनेक वैद्यकीय संघटनांनी मिळून सांगितलं की कंबरेतल्या ट्रान्सफोरॅमिनलसाठी पहिल्यांदा डेक्सामेथासोनच वापरा. ते पाण्यासारखं स्वच्छ असतं, कण नसतात. परिणामात फार फरक पडत नाही. क्वचित एखादं इंजेक्शन जास्त लागतं इतकंच.

म्हणजे पद्धतीच्या नावाइतकंच महत्त्वाचं आहे सिरिंजमधलं औषध. पुण्याच्या डॉक्टरांना ‘ट्रान्सफोरॅमिनलमध्ये कुठलं स्टेरॉइड?’ असं सरळ विचारा. ‘डेक्सामेथासोन’ हे उत्तर यायला हवं, प्रमाण ४ ते १० मिलिग्रॅमच्या आसपास. कॉडल आणि इंटरलॅमिनारमध्ये ४० ते ८० मिलिग्रॅम ट्रायअ‍ॅमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन वापरण्याची पद्धत आहे, तिथे धोक्याचं गणित वेगळं असतं.

तर बाबांसाठी आमचं मत असं: एकाच बाजूची, एकाच नसेची कळ, एमआरआयशी जुळणारी, ऑपरेशन झालेलं नाही. यात पहिली पसंती सी-आर्मखाली, डाय सोडून, डेक्सामेथासोनची ट्रान्सफोरॅमिनल. पुण्याला येणं जमत नसेल तर सी-आर्मखाली डाव्या कडेने दिलेली इंटरलॅमिनारही चालेल. मशीनशिवायचं कॉडल नको.

पण या तिन्हींच्या आधी क्लोपिडोग्रेल. एपिड्युरल जागेत रक्त साचलं तर तिथे फुगायला जागा नसते, नसाच दाबल्या जातात. ‘कॉडल वरवरचं असतं, रक्त पातळ करणारी गोळी चालू राहू दे’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. रक्तस्रावाच्या धोक्यात तिन्ही पद्धती साधारण एकाच गटात मोडतात. क्लोपिडोग्रेल सात दिवस आधी बंद लागतं. ते कुणी बंद करायचं? हृदयरोगतज्ज्ञांनी, आणि फक्त त्यांनी. त्यांना आधी एक वेगळाच प्रश्न विचारा: १४ महिने झाले, आता दोन्ही गोळ्यांची गरज आहे का? स्टेंटनंतर बरेचदा वर्षभराने दोनपैकी एक कमी करतात, तेव्हा कदाचित ती बंद करायची वेळ आलेलीच असेल. नसेल, तर सात दिवस थांबवणं सुरक्षित आहे का ते लेखी घ्या. अ‍ॅस्पिरिन स्टेंटवाल्यांना बहुधा चालूच ठेवतात. इंजेक्शननंतर क्लोपिडोग्रेल साधारण दुसऱ्या दिवशी परत सुरू होतं. नेमकी वेळ चिठ्ठीवर लिहून घ्या. थांबवलेली गोळी सुरू करायची राहून जाणं हा सुईपेक्षा मोठा धोका आहे. त्या भेटीत डायक्लोफिनॅकचाही विषय काढा. हृदयविकार असलेल्यांना ही गोळी द्यायची नसते, आणि अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेलसोबत पोटातून रक्त जाण्याची भीतीही वाढते. औषधाच्या दुकानातून तीच पट्टी पुन्हा पुन्हा आणली जात असेल तर आजच थांबवा. पॅरासिटामॉलने भागवा, ते पुरत नसेल तर डॉक्टरांकडून दुसरं लिहून घ्या.

साखर वाढणार, हे गृहीत धरा. एपिड्युरलमध्ये दिलेलं स्टेरॉइड रक्तातही उतरतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत साखर सर्वांत जास्त चढते आणि बहुतेकांची आठवड्याच्या आत खाली येते. ग्लुकोमीटर घरी असू द्या. पहिले तीन दिवस उपाशीपोटी आणि तिन्ही जेवणांनंतर दोन तासांनी बघा, मग आठवडा संपेपर्यंत दिवसातून दोनदा. मधुमेहाच्या गोळ्या आपल्या मनाने वाढवू नका, पण ३००च्या वर गेली तर त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. त्या आठवड्यात गुडघ्यात किंवा खांद्यात दुसरं स्टेरॉइड इंजेक्शन नको. सकाळची साखर खूप वर असेल तर चांगले डॉक्टर इंजेक्शन पुढे ढकलतील. तो निर्णय बरोबर असतो, चिडू नका. बाबांचं ७.८ म्हणजे आदर्श नाही, पण अडून बसण्याइतकंही नाही.

पूर्ण भूल नको. सुई नसेला टेकली तर पायात विजेसारखी सणक जाते आणि ते बाबांनी तिथल्या तिथे सांगायला हवं. झोपलेला माणूस सांगू शकत नाही. गुंगीचं हलकं औषध फार तर. टेबलावरचं काम पंधरा-वीस मिनिटांचं, नंतर तास-दोन तास देखरेख. औषधासोबत थोडं लिग्नोकेन, म्हणजे बधिर करणारं औषध, असतं, त्यामुळे काही तास पाय जड, बधिर वाटू शकतो. त्या वेळेत आधाराशिवाय उठू देऊ नका, बाथरूमलाही. रात्री चेहरा लाल होणं, झोप न येणं, आणि डेक्सामेथासोनने काहींना लागणाऱ्या उचक्या, हे सगळं एक-दोन दिवसांत जातं.

आराम कसा येतो ते आधीच माहीत असू द्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी ‘काही उपयोग झाला नाही’ असा फोन कराल. पहिल्या तासाभरात कळ एकदम कमी होते. ती लिग्नोकेनची करामत. संध्याकाळी परत येते. स्टेरॉइडचा परिणाम तिसऱ्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत केव्हाही दिसू लागतो. एक कागद करा: अर्ध्या तासाने, रात्री, तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी शून्य ते दहामध्ये कळ किती. पहिल्या अर्ध्या तासाचा आकडा तर सर्वांत कामाचा. डाय नसेभोवती नीट पसरला, तरीही त्या अर्ध्या तासात कळ अजिबात कमी झाली नाही, तर दुखणं एल५चंच आहे का हा प्रश्न उभा राहतो.

अपेक्षा किती ठेवायच्या? ऑस्ट्रेलियात २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गादी सरकलेल्या १५० जणांपैकी ज्यांना ट्रान्सफोरॅमिनल स्टेरॉइड मिळालं त्यातल्या ५४ टक्क्यांना महिन्याभरात निम्मा किंवा त्याहून जास्त आराम पडला. त्याच सुईने नुसतं सलाइन दिलेल्यांत १९ टक्क्यांना. उलट बाजूला २०२०चा कॉक्रेन आढावा आहे, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष. सगळ्या पद्धती, सगळे रुग्ण एकत्र धरले तर पायाच्या दुखण्यातला सरासरी फरक शंभरपैकी पाच गुणांचा, तोही थोड्या काळापुरता. दोन्ही खरं आहे. योग्य नस निवडून, बघून दिलं तर चालतं. सरसकट दिलं तर सरासरी पडते. गादी इंजेक्शनाने जागेवर जात नाही. बाहेर आलेला तुकडा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं, बहुतेकांची कळ काही महिन्यांत ओसरते. इंजेक्शन ते महिने झोप येईल असे करतं. तीन इंजेक्शनांचं पॅकेज कुणी आधीच विकत असेल तर घेऊ नका. पहिल्याने निम्मा तरी आराम पडला आणि कळ परत आली, तर दोन-तीन आठवड्यांनंतर दुसरं. काहीच फरक नसेल तर तेच पुन्हा टोचण्यात अर्थ नाही.

आज घरी एक चाचणी करा. भिंतीला हात टेकून बाबांना टाचांवर दहा पावलं चालायला सांगा. डावा पंजा उचलला जात नसेल, किंवा अंगठा वर करताना स्पष्ट कमी जोर लागत असेल, तर आधी मणक्याच्या सर्जनना दाखवा. वाढत जाणाऱ्या अशक्तपणावर हे इंजेक्शन उपाय नाही. लघवी अडली, शौचावर ताबा राहिला नाही किंवा जांघेत, बसण्याच्या जागी बधिर झालं, तर इंजेक्शनच्या आधी असो की नंतर, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा. इंजेक्शननंतर ताप, मान ताठ होणं, कंबरेत वाढती ठसठस किंवा पाय लुळा पडत जाणं, यालाही सकाळची वाट बघायची नसते.

आता आईंचा प्रश्न. त्याच दिवशी नको. पाय जड असताना एसटीच्या बाकावर तीन तास बसणं म्हणजे ज्या स्थितीत कळ वाढते तीच स्थिती, आणि वाटेत काही झालं तर ज्यांनी सुई टोचली ते डॉक्टर मागे पुण्यात. ती रात्र तुमच्याकडे काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी साखर बघा, क्लोपिडोग्रेल सुरू करायची वेळ चिठ्ठीवरून पडताळा आणि मग गाडी करून न्या. पुढची सीट मागे झुकवलेली, दर तासाला पाच मिनिटं उतरून चालणं. बॅगा उचलायच्या त्या तुम्ही.